गोगलगाय घरीच आहे

नऊ वर्षं मी बँकेसाठी व्याज मोजणारे प्रोग्रॅम लिहिले.
तिथे चूक झाली की कुणीतरी वकिलाला फोन करायचं.
आता कुताइसीत, पावाच्या भट्टीवरच्या खोलीत,
पोटात पाय असलेल्या एका जीवाला
चालायला शिकवतोय.
दुपारी जमीन तापते.
आम्ही पाय खुर्चीवर घेऊन बसतो.

गोगलगाय नेस्तानने काढली. अकरा वेळा.
पहिली फारच शहाणी दिसत होती,
चौथी आजारी,
आठवी थेट माझ्या सासऱ्यांसारखी.
अकरावीचं एक शिंग जरा आखूड राहिलं
आणि आम्ही दोघंही म्हणालो, हीच.

वय चार ते सहा. वाचता येत नाही असं धरायचं.
म्हणून अक्षरं नाहीत, नुसते ठोकळे:
हिरवा म्हणजे पुढे,
वाकडा म्हणजे वळ,
आणि अंगठीसारखा गोल, तो पुन्हा, पुन्हा, पुन्हा.
ठोकळे ओळीत लावा, टाळी वाजवा, ती निघते.
अक्रोडाखालून, विहिरीला वळसा घालून
तिला घरी पोचवायची.
घराला आम्ही लाल दार दिलं. धुराडं दिलं.
धुराड्यातून धूरही.
त्या धुरावर माझे दोन दिवस गेले.

आधी चुकलं की भोंगा वाजायचा.
वाखो नावाचा मुलगा भोंग्यासाठी मुद्दाम चुकायचा,
शेवटी शेवटी तर फार हुशारीने चुकायचा.
भोंगा काढला.
आता चुकलं की ती फक्त शिंगं आत घेते.

गुरुवारी, रिओनीकाठच्या बालवाडीत,
मुलं झोपून उठल्यावर,
म्झिया बाईंनी आम्हाला बुटक्या खुर्च्या दिल्या.
पिक्रिया, वय पाच, कोपराला चिकटपट्टी.
टॅबलेट मांडीवर, हात मांड्यांखाली दाबलेले.
एक मिनिट. चार मिनिटं.
फॉर्मवर एक रकाना आहे: सूचना समजली नाही.
मी त्यात अर्धी खूण केलीसुद्धा.
"वाजव ना टाळी," मी म्हटलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "ऊन आहे. झोपलीय ती."

बघतो तर खरंच ऊन.
आम्हीच काढलेला सूर्य, वर डोळे मिचकावणारा.

"आणि घरी कुठे न्यायची?
घरातच तर आहे."
बोट न टेकवता तिने शंख दाखवला.

त्यांच्या कोबीवर पहाटे तिने सतरा मोजल्या होत्या.
सतराच्या पुढे तिला येत नाही,
म्हणून सतरा.
"मग निघते कधी?" नेस्तानने विचारलं,
आता तीही कुजबुजत होती.
"गवत ओलं झालं की."

परतीच्या मिनीबसमध्ये नेस्तानने घर पुसलं.
दार गेलं, धुराडं गेलं.
धूर तरी ठेव, मी म्हटलं.
तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

रात्री निळा ठोकळा लिहिला:
जोपर्यंत गवत कोरडं, तोपर्यंत थांब.
असली ओळ बँकेत हजारदा लिहिली असेन,
जोपर्यंत हप्ता येत नाही, तोपर्यंत.
इथे ती लिहून झाल्यावर
चहा निवेपर्यंत तिच्याकडे बघत बसलो.
आम्ही गोगलगायीला वाट चालायला शिकवली होती.
वाट पाहायला
शिकवायचं राहूनच गेलं होतं.

पुढच्या गुरुवारी पिक्रियाने निळा ठोकळा सर्वांत आधी लावला,
मग टाळी, अगदी हलकी.
सात डोकी एका पडद्यावर वाकली,
पडद्यावर काहीही घडत नव्हतं.
"बिघडलंय का?" वाखो म्हणाला.
सहा बोटं ओठांवर गेली.

खाली भट्टीवाल्याची गाडी थांबली, पाव उतरले,
गाडी निघूनही गेली.
गवताच्या एका पात्यावर थेंब आला.
मग दुसऱ्या.

आधी आखूड शिंग बाहेर आलं.